मंद्रूपच्या पिझ्झ्याबद्दल गुरुलिंगमामा गप्प

जुळे सोलापुरात चांगला पिझ्झा कुठं मिळतो हे बघायला लोक मोबाइल उघडत नाहीत, गुरुलिंगमामांना विचारतात. मामा रिक्षा चालवतात. वय एकसष्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, अंगात खाकी शर्ट, आणि पिझ्झ्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. नव्या माणसाला हे खरं वाटत नाही. तो पाण्याच्या टाकीजवळच्या स्टॉपवर गंमत म्हणून विचारून बघतो, आणि मामा एकदम गंभीर होऊन त्यालाच उलटा प्रश्न टाकतात, "दात कसे हायत तुमचे?" कारण त्यांचं सगळं शास्त्र दातांवर उभं आहे.

आता असल्या माणसाच्या आयुष्यात पिझ्झा आला कसा, तर भांडणातनं आला. सात वर्षांपूर्वी नवीन लग्न झालेलं एक जोडपं रिक्षात बसलं, मांडीवर पिझ्झ्याचा खोका. सात रस्ता चौकात भांडायला लागले ते सोसायटीचं फाटक आलं तरी थांबेनात. ती एका बाजूनं उतरली, तो दुसऱ्या बाजूनं, आणि खोका सीटवर तसाच. मामांनी फाटकाशी उभं राहून पंधरा-वीस मिनिटं हॉर्न वाजवला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतनं नवरा डोकावला आणि म्हणाला, मामा, तुम्हीच खा, आमच्यात आज कुणी जेवणार नाही.

मामांनी खोक्यावरचा हिरवा ठिपका दोनदा बघून घेतला आणि खोका घरी नेला. त्यांची बायको काशम्मा हिनं झाकण उघडलं, एक तुकडा उलटा केला आणि विचारलं, ही भाकरी कुणी कच्ची ठेवली? काशम्मा कडक भाकरी करणाऱ्या घरातली. तिच्या माहेरची भाकरी महिनाभर टिकते आणि टिचकी मारली तर वाजते. तिनं तो पिझ्झा सरळ तव्यावर टाकला, फडक्यानं दाबून दाबून भाजला आणि वरनं शेंगाची चटणी भुरभुरली. मामांनी पहिला घास घेतला आणि अख्खा तुकडा संपवला. मग म्हणाले, कल्पना वाईट न्हाई, भाजणाऱ्याला घाई झालीया.

तिथनं नाद लागला. दर आठवड्याला एक दुकान. सोमवार सोडून, कारण सोमवारी उपवास. आधी मामा दुकानाच्या भटारखान्यात डोकावायचे, कोंबडीची सुरी वेगळी आहे का बघायचे. पोरं हसायची, पण दाखवायची. मग तुकडा कानाजवळ धरून त्याच्या काठावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. वाजला तर पुढची परीक्षा. चीज ताणून वीतभर यायला पाहिजे, वीतभराच्या वर आलं तर त्यात भेसळ, असा त्यांचा हिशेब. शेवटची परीक्षा घरी. एक तुकडा ठेवून द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी चटणीबरोबर गार खायचा. शिळा होऊनही ज्याला चव राहते तोच पिझ्झा, बाकीची सगळी पावाची सोंगं.

होटगी रोडच्या लाल बोर्डवाल्याचा बेस चांगला, पण टोमॅटो गोड करतो. विजापूर रोडवरच्या एकाची भट्टी उत्तम, पण तो स्वतः दुकानात असेल तरच जायचं, भाच्यावर सोपवून गेला असेल तर नाही. सांगोल्याच्या रस्त्यावरच्या एका धाबेवाल्यानं तर पिझ्झ्यावर डाळिंबाचे दाणे टाकले होते. मामा तिथं एका लग्नाला गेले असताना मांडवातनं उठून तो खायला गेले. बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, अक्षता चुकल्या. काशम्मा त्यावरनं अजून बोलते. मामांचं म्हणणं, अक्षता पुन्हा कुठंतरी मिळतीलच की, तसला पिझ्झा परत मिळाला न्हाई.

वाईट मात्र मामा कुणाबद्दल बोलत नाहीत. दुकानावर कुणाचं तरी पोट असतं, असं त्यांना वाटतं. दुकान वाईट असलं की ते गप्प बसतात, आरशात बघतात आणि समोर गाडी नसतानाही हॉर्न वाजवतात. हे सगळ्यात आधी ओळखलं रुपालीनं. रुपाली बँकेत कॅशियर, रोज मामांच्याच रिक्षानं जाते, आणि तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनशे लोक आहेत. ग्रुपवर तिनं दोनच शेरे ठरवून टाकले. एक, "मामा म्हणाले, जा." दुसरा, "मामा गप्प." हा दुसरा शेरा पडला की त्या दुकानात निदान महिनाभर जुळे सोलापूरचं कुणी फिरकत नसे. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या मोबाइलला फक्त बटणं होती.

आणि असल्या या मामांच्या सख्ख्या लेकीनं पिझ्झ्याचं दुकान काढलं.

महेश्वरी ही त्यांची एकुलती एक. जवळच्याच मंद्रूप गावात दिली. जावई अमरेश, त्याची पिठाची गिरणी, थोडी शेती, माणूस सरळ. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, सोलापूर झालं, पुणंही झालं. मग एक दिवस दोघा नवरा-बायकोंनी ठरवलं की आता पुरे, आणि डॉक्टरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतनं भट्टी आणली. महेश्वरी मैद्यात गिरणीतलं ज्वारीचं पीठ मूठभर घालायची, कारण पिझ्झा वाजला पाहिजे हे ती बापाकडूनच ऐकत आली होती. बाजाराच्या दिवशी ओसरीवर टेबल मांडायची. चार महिन्यांत मंद्रूपची पोरं शेव-भजी विसरली.

आणि मामांनी तो पिझ्झा चाखलाच नाही.

कारण मामांचा नियम. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरच्या अन्नाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. त्यांच्या आज्यानं पाळलं, बापानं पाळलं, म्हणून त्यांनीही पाळलं. मंद्रुपाला जाताना ते घरनं डबा न्यायचे, पाण्याची बाटली न्यायचे. लेकीच्या घरासमोर कडुलिंबाचं झाड आहे, त्याखाली रिक्षा लावून आधी डबा खायचे, चूळ भरायचे, आणि मग आत जायचे. काशम्मा कधी बरोबर असली तर ती लेकीला भेटायला पुढं व्हायची. महेश्वरीची सासू बसम्मा दारातच कानडीत विचारायची, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. मामा हात जोडून म्हणायचे, "आत्री." म्हणजे झालं. आठ वर्षं हा सवाल आणि हाच जवाब. बसम्मानं एकदा विचारूनही बघितलं होतं, की आपल्या लिंगायत धर्मात हे कुठं सांगितलंय, बसवण्णांनी तर असलं सगळं मोडीत काढलं. पण नियम मोडायचं धाडस मामांना झालं नाही. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायची. आपण पाणी प्यायलो आणि लेकीची कूस रिकामीच राहिली, तर ते पाणी जन्मभर आपल्या घशात अडकेल, अशी भीती. हे त्यांनी काशम्मालाही कधी सांगितलं नव्हतं.

दुकान निघाल्यावर मात्र मामांनी वकिली डोकं चालवलं. दुकान म्हणजे काही घर नव्हे. पैसे देऊन खाल्लं तर ते लेकीचं अन्न नव्हे, विकतचं अन्न. नियम शाबूत, पिझ्झाही पोटात. मोठ्या खुशीत त्यांनी टेबलावर शंभराची नोट ठेवली. महेश्वरीनं ती नोट उचलून त्यांच्या खिशात परत कोंबली आणि म्हणाली की बापाला पिझ्झा विकायला ती काही एवढी मोठी दुकानदार झालेली नाही. खायचं तर असंच खा. मामा म्हणाले, असं खाता येत न्हाई. ती म्हणाली, मग विकतही मिळत न्हाई. अमरेशनं मध्यस्थी करून बघितली, की मी पैसे घेतो, मी कुठं तुमची लेक आहे? दोघांनीही त्याला गिरणीवर जायला सांगितलं.

तर असं अडलेलं असताना एका सकाळी रुपालीनं रिक्षात बसल्या बसल्या विचारलं, मामा, मंद्रुपात कुणीतरी बाई झकास पिझ्झा करते म्हणतात, कसा आहे? रविवारी सोसायटीच्या दोन-तीन गाड्या काढायचा विचार चाललाय.

मामा पेचात पडले. चांगला म्हणावं तर चाखला नाही, आणि न चाखता मामा सांगत नाहीत, ही त्यांची अब्रू. शिवाय स्वतःच्या लेकीची जाहिरात केली असं लोक म्हणणार. ती माझी लेक आहे असं सांगावं, तर पुढचा प्रश्न येणार, मग खाल्ला नाही कसा? मामांनी आरशात बघितलं. समोर रस्ता मोकळा होता. त्यांनी हॉर्न वाजवला.

रुपालीनं रिक्षातनं उतरायच्या आधीच ग्रुपवर टाकलं, मंद्रूप, मामा गप्प.

रविवारी गाड्या निघाल्या नाहीत. एवढंच झालं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. पण त्या तीनशे जणांत अमरेशचा एक मित्र होता, आणि ही बातमी मंद्रुपाला संध्याकाळच्या आत पोचली, तीही पदरची भर घालून. गुरुलिंगमामांनी लेकीच्या पिझ्झ्याला नाक मुरडलं, असं ते आता झालं होतं.

पुढच्या बाजाराला मामा नेहमीसारखे गेले, या खेपेला एकटेच. लिंबाखाली रिक्षा लावली, मांडीवर रुमाल पसरला, डब्याचं झाकण काढलं. आत भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात समोर महेश्वरी येऊन उभी. हात पिठानं भरलेले, ओसरीवर गिऱ्हाईक तिष्ठत. ग्रुपवर काय पडलं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं. मामा गडबडले, आपण एक शब्दही वाईट बोललो नाही म्हणून शपथा घ्यायला लागले. म्हणाले, अगं, मी तर गप्प बसलो होतो.

"तेच की अप्पा," महेश्वरी म्हणाली. "तुमी सगळीकडं गप्पच बसताय. हितं येऊन झाडाखाली डबा उघडताय, आन अख्ख्या बाजाराला कळतंय, हिला अजून मूल न्हाई. आठ वर्षं झाली. माझी सासू मला कदी टोचून बोलली न्हाई, नवरा बोलला न्हाई. तुमचा डबा बोलतोय."

आवाज तिनं चढवला नव्हता. उलट हळूच बोलली, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून. मामांच्या हातातला घास हातातच राहिला. आजूबाजूला बघितलं तर खरंच, मेथीवाली बघत होती, बांगड्यावाला बघत होता. हे लोक आठ वर्षं बघत असणार. आणि आपल्याला वाटायचं, ते वांग्याची भाजी बघतात. लेकीसाठी म्हणून जे पाळलं, तेच तिच्या दारात बोर्डासारखं लटकत होतं, आणि तो बोर्ड आपण स्वतःच्या हातानं दर बाजाराला लावत होतो. त्यांनी डबा बंद केला आणि त्या दिवशी आत न जाता तसेच माघारी फिरले. जाताना नुसतंच "येतो" म्हणाले.

घरी आल्यावर काशम्मानं डबा उचलला तर जड. तिनं ताट वाढलं. भाकरी मोडता मोडता मामा म्हणाले, पुढच्या बाजाराला डबा करू नकोस. मी महेश्वरीकडं जेवणार.

त्यांना वाटलं होतं, काशम्मा दचकेल, रीतभात काढेल, निदान कपाळाला हात तरी लावेल. तिनं कालवणाची वाटी पुढं सरकवली आणि शांतपणे सांगितलं की ती तर पहिल्या दिवाळीपासूनच तिथं चहा पिते. मामा झाडाखाली डबा खातात तोवर ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाल्ली आहे, पुरणपोळी खाल्ली आहे, आणि पिझ्झा म्हणाल तर आजवर सहा.

आठ वर्षं आपण एकट्यानंच नियम पाळला आणि बायको मागच्या दारानं हुग्गी खात होती. रागवावं की काय करावं हे कळेना. शेवटी मामांनी एवढंच विचारलं, "वाजतो का?"

"जाऊन बघा की," काशम्मा म्हणाली.

मग पुढचा बाजार. मामांनी सकाळी रिक्षा धुतली, इस्त्रीचा शर्ट घातला, विभूती जरा ठसठशीत लावली. काशम्माला मागं बसवलं. लिंबाचं झाड आलं. रिक्षा तिथं थांबली नाही, सरळ ओसरीपाशी जाऊन उभी राहिली. मेथीवालीनं मान वळवली. बांगड्यावाल्यानं तर गिऱ्हाइकाचा हात तसाच हातात धरून ठेवला.

बसम्मा दारात आली. मामांच्या हातात डबा नाही हे तिनं बघितलं, पण आठ वर्षांची सवय, तोंडातनं तेच निघालं. "ऊटा आतेन्री?"

"इन्ना इल्री," मामा म्हणाले. अजून नाही.

बसम्मा पदर सावरत आत वळली आणि वाटेत खुर्चीला अडखळली. ओसरीवर महेश्वरी पिठाचा गोळा थापत होती, तिचा हात थांबला. मामा गिऱ्हाइकांच्या मधोमध टेबलाशी बसले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "महेश्वरी, आदी पाणी आण गं. उन्हातनं आलोय."

तिनं तांब्या-भांडं आणलं, बरोबर गुळाचा खडा. हात धुवायचे राहिले होते, तांब्याला सगळं पीठ लागलं. मामांनी एका दमात तांब्या रिकामा केला. पाणी घशात अडकेल ही भीती आठ वर्षं बाळगली होती, ते सरळ खाली गेलं. गार होतं. आणखी एक तांब्या मागितला, तोही प्यायले. महेश्वरी तोंड फिरवून भट्टीकडं बघत उभी राहिली, आणि भट्टीत तेव्हा काहीच नव्हतं.

मग पिझ्झा आला. ओसरीवरचे लोक खाता खाता थांबले. मामांनी तुकडा उचलला, कानाजवळ धरला, पेरानं टकटक केली. एकदा केली, परत केली. गुरुलिंगमामांचं तोंड उतरलं. बेस वाजत नव्हता. घाईघाईत महेश्वरीनं पिझ्झा दोन मिनिटं आधीच बाहेर काढला होता.

आता काय करावं? गप्प बसावं, तर गप्प बसल्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक. खोटं सांगावं, तर आयुष्यभर कुणाला खोटं सांगितलं नाही. मामांनी तुकडा खाली ठेवला आणि नियम मोडायच्या दिवशीच आणखी एक नियम मोडला.

"मदी कच्चा हाय," ते म्हणाले. "परत भाज."

अमरेशनं डोळे मिटून घेतले. महेश्वरी मात्र हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पिठाच्या हातानंच पुसलं, त्यामुळं तोंडभर पीठ झालं. लहानपणी भाकरी करपली की अप्पा ताटावरनं असंच म्हणायचे, त्याच आवाजात. पाहुणा म्हणून आलेला कुणी असं म्हणत नाही. तिनं दुसरा लावला, आणि या खेपेला बापानं "काढ" म्हणेपर्यंत भट्टीचं दार उघडलं नाही.

दुसरा वाजला. मेथीवालीपर्यंत ऐकू गेला, असं काशम्मा सांगते, पण ती थोडं वाढवून सांगते. मामांनी तो सगळा एकट्यानं संपवला, तिसरा मागवला, आणि दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी एक तुकडा रुमालात बांधून घेतला. निघताना सवयीनं खिशात हात गेला. महेश्वरीनं नुसतं बघितलं, हात परत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली रिक्षात बसली. मामांनी तिला विचारायची वेळच येऊ दिली नाही. मंद्रूपवाली आपली लेक आहे, आपण काल पोटभर खाल्लं, त्या दिवशी आपण गप्प बसलो त्याचं कारण पिझ्झा नव्हतं, असं सगळं एका दमात सांगितलं. म्हणाले, जावा सगळे. पहिला काढलेला घेऊ नका, पहिल्याला तिला घाई होतीया, दुसरा घ्या. आन पाणी तितलंच प्या, लई गोड हाय.

रुपालीनं सगळं जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. पिझ्झ्याचं सगळ्यांना कळलं, पाण्याचं कुणाला कळेना. मामांनी आजवर कुठल्या दुकानाचं पाणी सांगितलं नव्हतं. एकानं लगेच विचारलं, पाणी फिल्टरचं आहे का बोअरचं? रुपालीनं तो प्रश्न मामांना वाचून दाखवला.

मामांनी आरशात बघितलं. समोर रस्ता मोकळा होता, पण त्यांनी हॉर्न वाजवला नाही.

"माझ्या लेकीच्या घरचं हाय म्हणून सांगा," ते म्हणाले.